निवडून येण्यासारखा माणूस

सॉलोमन कोर्लेकर आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी एक बटाटेवडा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, हा प्रायमरी सहज जिंकेल. पण जनरलला पडेल."

माझ्या बायकोला, नलूला, वाटलं वड्यात काहीतरी पडलंय. तिनं घाईघाईनं त्यांचं ताट उचललं आणि दिव्याखाली धरलं.

"पडलं नाही हो, पडेल!" कोर्लेकर म्हणाले. "आपल्या मराठी माणसांत उभा केला तर वड्याला कोणी हरवू शकत नाही. ती झाली प्रायमरी, घरातल्या घरात. पण उद्या त्याला शेजारच्या इंग्रजांसमोर उभा करा. आतून पिवळाधमक, वर लसणाचा वास. घाबरतील बिचारे. तिथं समोसा निवडून येतो. त्याला ते आधीपासून ओळखतात."

"म्हणजे मी समोसे करायला हवे होते का?" नलूनं विचारलं.

"छे, छे. माझं मत वड्यालाच. मी फक्त निवडून येण्याबद्दल बोलतोय."

माझं मत वेगळं आणि निवडून येणं वेगळं, हा फरक त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळला नाही. नलूनं पुढच्या वेळी दोन्ही केलं. कोर्लेकरांनी दोन्ही खाल्लं आणि निकाल राखून ठेवला.

ही गोष्ट इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमधली, ऐंशीच्या दशकातली. मी एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होतो. कोर्लेकर गावाबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये एका अमेरिकन कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते. तिथले अमेरिकन साहेब आपली वर्तमानपत्रं वाचून टाकून देत. आठवड्याभराची शिळी ती रद्दी कोर्लेकर बसमधून घरी आणत आणि चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. त्यातून त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचं वेड लागलं. तेही खऱ्या निवडणुकीचं, म्हणजे जनरलचं, नाही. तिच्याआधी जी एकेका पक्षाची घरगुती निवडणूक होते, आपला उमेदवार कोण हे ठरवण्याची, तिचं. तीच प्रायमरी. कोण चांगला आहे यापेक्षा कोण निवडून येण्यासारखा आहे, यावर तिथं महिनोन् महिने खल चालतो. कोर्लेकरांना तो खल प्राणापलीकडे प्रिय होता.

"तुम्ही अमेरिकेला किती वेळा गेलात?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "मी? मी इथून तासाभरावरच्या स्विंडनच्या पलीकडे गेलेलो नाही."

अठ्ठ्याऐंशी साली फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. "दामले, आज हॅम्पशायरमध्ये मतदान! उमेदवार सात-आठ, त्यात एक गव्हर्नर!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आम्ही हॅम्पशायरमध्येच राहत होतो. नलू कोट घालून तयार झाली, पण आमची पोलिंग कार्डं काही सापडेनात. मी कौन्सिलला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, आज कसलंही मतदान नाही. मी म्हटलं, मला खात्रीलायक माणसानं सांगितलंय. उमेदवार सात-आठ आहेत आणि त्यात एक गव्हर्नरसुद्धा आहे.  बाई अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "सर, गव्हर्नर तुरुंगाला असतो आणि बेसिंगस्टोकमध्ये तुरुंग नाही."

संध्याकाळी मी कोर्लेकरांना जाब विचारला. "अहो, अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर म्हणायला काय झालं होतं?"

"न्यू काय आणि जुनं काय?" ते म्हणाले. "इथलीच माणसं गेली ना तिकडे? त्यांचं मूळ गाव हॅम्पशायर. माझं जसं कोर्लई."

कोर्लेकर बेने इस्राएल होते. म्हणजे आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. जन्म मुंबईचा, गाव अलिबागकडचं. गणपतीची आरती त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती, कारण लहानपणी त्यांच्या मजल्यावर पाच घरी गणपती यायचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते मोठ्यानं आरती म्हणत, टाळ्या वाजवत, पण हात जोडत नसत. "आमच्यात चालत नाही," एवढंच सांगत. गणपतीवर मात्र त्यांचा भारी विश्वास. "हा एकच असा आहे की कुठंही उभा करा, निवडून येतो."

दर वर्षी पुण्याहून किंवा मुंबईहून नवीन आलेलं एखादं जोडपं गणपतीच्या हॉलमध्ये भेटायचं आणि त्यातली बाई कौतुकानं म्हणायची, "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!"

"सराव करतोय," कोर्लेकर म्हणायचे. "कोकणात उतरून दोन हजार वर्षं झाली. जमेल हळूहळू."

सगळे हसायचे. मीही हसायचो.

निवडून येण्याचं हे माप त्यांनी लावलं नाही अशी वस्तू मला आठवत नाही. आमचे बैठकीचे पडदे त्यांच्या मते "दिवाणखान्यात लोकप्रिय, पण उन्हाळ्यात टिकणार नाहीत" असे होते. मंडळाचे संस्थापक डॉक्टर खांबेटे. त्यांच्या मुलीला एडिनबऱ्याचं स्थळ आलं, एकदम नामी. डॉक्टरांनी मुलगा सगळ्यांना दाखवायला हॉलवर आणला. कोर्लेकरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रायमरी जिंकला हा. मुलीच्या आईचं मत पक्कं, आजीचं पक्कं. जनरलमध्ये मुलगी पाडेल." मुलीनं पाडला. मेडनहेडच्या एका आयरिश शिक्षकाशी लग्न केलं. त्याला प्रायमरीत कोणी उभंसुद्धा केलं नव्हतं.

एकदा मी वैतागून विचारलं, "कोर्लेकर, तुम्हाला यात एवढं काय सापडतं?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दामले, इथं पक्ष माणूस देतो आणि आपण तो घेतो. तिकडे त्या छोट्या गावांत उमेदवार थंडीत लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. कॉफी पितो आणि विचारतो, मी चालेन का तुम्हाला? एवढा मोठा माणूस, आणि तोंडानं विचारतो." मग लगेच त्यांनी विषय बदलला. "पण विचारायची एक पद्धत आहे. एक प्रश्न कधी विचारू नये. दोन विचारावेत. तुमचं मत कोणाला? आणि निवडून कोण येईल? दोन्ही उत्तरं वेगळ्या रकान्यांत लिहायची. चांगली माणसं या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत पडतात."

ही पद्धत त्यांनी मला शिकवली आणि मी ती वापरली. त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

ब्याण्णव साली डॉक्टर खांबेट्यांनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं. आमच्या मंडळात निवडणूक कधीच झालेली नव्हती. अध्यक्ष बिनविरोध निवडायचा, ही आमची परंपरा. डॉक्टरांना मतदान या शब्दाचीच धास्ती होती. "हात वर झाले की मंडळ फुटलं म्हणून समज," ते म्हणत. त्यामुळे वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरीनं घरोघरी फोन करायचा, कल बघायचा, आणि सभेत एकच नाव मांडायचं. सेक्रेटरी मी होतो.

त्या वर्षी एक पत्र आलं. निळ्या शाईत, सुवाच्य मराठीत. "अध्यक्षपदासाठी माझ्या नावाचा विचार व्हावा. आपला, सॉलोमन बेंजामिन कोर्लेकर."

मी ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माणूस लाखातला आहे," ते म्हणाले. "मला स्वतःला काहीच हरकत नाही. पण माधव, लोकांना चालेल का? तू फोन कर. आणि एकच नाव बरं दिसत नाही, दुसरं तुझं टाक. नुसतं तोंडी लावायला."

डॉक्टरांचं सोडून चाळीस घरं होती. एक माझं, एक कोर्लेकरांचं. उरलेल्या अडतीस घरांना मी चार दिवस फोन करत होतो. फूलस्केप कागदावर सगळी चाळीस नावं लिहिली, पुढे दोन रकाने आखले, आणि प्रत्येकाला कोर्लेकरांच्या पद्धतीनं दोन प्रश्न विचारले.

"कोर्लेकर? अहो, माझं मत त्यांनाच," कुलकर्णी म्हणाले. "पण निवडून यायचे नाहीत. आमच्या देशपांड्यांना नाही चालणार. जुन्या वळणाची मंडळी."

मी देशपांड्यांना फोन केला.

"कोर्लेकरांनाच द्या आमचं मत," देशपांडे म्हणाले. "पण काही उपयोग नाही हो. त्या साठेबाई ऐकायच्या नाहीत. गणपती असतो ना आपला."

साठेबाई म्हणाल्या, "अगंबाई, कोर्लेकर? किती छान! पण कुलकर्ण्यांना विचारलंत का? त्यांना नाही हो चालणार."

मी रिसीव्हर हातात धरून बराच वेळ जिन्यावर बसलो. कुलकर्ण्यांना देशपांड्यांची भीती, देशपांड्यांना साठेबाईंची, साठेबाईंना कुलकर्ण्यांची. प्रत्यक्षात नको म्हणणारा माणूस मला सापडेना. एकाला मी विचारलंसुद्धा, "लोकांना म्हणजे नक्की कोणाला चालणार नाहीत?" तो म्हणाला, "लोकांना म्हणजे... लोकांना हो! तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत नव्हतं. पण मी "हो हो" म्हटलं.

चौथ्या दिवशी बेरीज केली. पहिल्या रकान्यात, म्हणजे स्वतःचं मत कोणाला, कोर्लेकर एकोणतीस, मी सहा, तिघे "तुम्ही ठरवाल ते". दुसऱ्या रकान्यात, म्हणजे निवडून कोण येईल, कोर्लेकर चार, मी चौतीस.

मी ती बेरीज तीनदा केली. मला खरोखर कळेना की या कागदाचा अर्थ काय. एकोणतीस घरं ज्याला मत देणार, तो निवडून येणार नाही असं चौतीस घरं म्हणतात. गोंधळ होता, हे खरं. पण पुढं जे झालं ते गोंधळामुळे झालं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो, ते पूर्ण खरं नाही.

डॉक्टरांचा फोन आला. "काय कल आहे?"

"निवडून येण्यासारखे नाहीत ते," मी म्हणालो. हे शब्द कागदावर होते. पहिल्या रकान्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"वाटलंच मला," डॉक्टर म्हणाले. "मग तूच हो. वाईट वाटतंय रे. मला स्वतःला चालले असते."

म्हणजे डॉक्टर धरून तीस झाले असते. पण ते सेक्रेटरीशी खाजगीत बोलले, म्हणून मी धरले नाहीत. हिशेबाला मी असा काटेकोर.

मी कोर्लेकरांकडे गेलो. त्यांची बायको, फ्लोराबाई, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगी लिडिया एडिनबऱ्याला हॉस्पिटलात नोकरीला होती. घरात ते एकटेच. मी येणार म्हणून त्यांनी मलिदा केला होता. पोहे, गूळ, खोबरं, वर फळांचे काप. त्यांच्यात काही शुभ असलं की करतात.

"दोन्ही प्रश्न विचारलेत?" त्यांनी बशी पुढे करत विचारलं.

"विचारले."

"निवडून येण्याचं?"

"चार."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना अपेक्षित असावं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि पहिल्याचं?"

मी बशीतला केळ्याचा काप उचलला आणि म्हणालो, "साधारण तसंच."

"असं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "असं." मग मला आणखी मलिदा वाढला.

सभेत माझं नाव त्यांनीच सुचवलं. स्वतःचं पत्र मागं घेत असल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "दामले म्हणजे निवडून येण्यासारखा माणूस." टाळ्या झाल्या. कुलकर्णी माझ्या कानात म्हणाले, "कोर्लेकरांचं वाईट वाटतं हो. माझं मत त्यांनाच होतं. पण बाकीच्यांपुढे आपण काय करणार?" इतिवृत्तात मी माझ्याच हातानं लिहिलं, "श्री. दामले यांची बिनविरोध निवड झाली." नलूनं नवीन साडी नेसली होती. मी खूश होतो. तेही लिहायला हवं.

त्या वर्षी गणपतीला स्काउट्सच्या हॉलच्या दाराशी मी उभा राहिलो. आमच्यात अध्यक्षाला खरं काम एवढंच. येणाऱ्याला "या, या" म्हणायचं. कोर्लेकर आले, त्यांनाही मी म्हटलं, "या, या, कोर्लेकर!" ते आत गेले, आरती म्हटली, जेवले. सगळे पांगल्यावर आम्ही दोघं खुर्च्या एकमेकींवर रचत होतो.

"दामले, एक सांगू?" ते म्हणाले. "मला अध्यक्ष कशाला व्हायचं होतं माहीत आहे? हे दाराशी उभं राहण्यासाठी. एकच वर्ष. इथं मला सगळे किती प्रेमानं 'या' म्हणतात. वीस वर्षं म्हणतायत. पण घरच्या माणसाला कोणी 'या' म्हणतं का हो?"

मी खुर्ची उचलून धरली होती. ती ठेवायचीच राहिली.

"लंडनला आमचे लोक आहेत," ते पुढे म्हणाले. "पण तिथं आता सगळं इंग्रजीत. लिडियाला मराठी कळतं, बोलताना अडखळते. फ्लोरा होती तोवर घरात बोलणं होतं. आता मी मराठी बोलतो ते इथं. आणि इथं लोक विचारतात, इतकं छान कसं बोलता." ते हसले. "राहू द्या. ती खुर्ची द्या इकडे."

तेव्हा सांगता आलं असतं. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो आणि घाई कसलीच नव्हती. मी खुर्ची दिली.

दोन वर्षांनी कोर्लेकर लिडियाकडे राहायला गेले. पत्रं यायची, त्यांत अमेरिकेचे अंदाज असायचे. मग पत्रांतलं अक्षर वाकडं व्हायला लागलं. सत्त्याण्णव साली लिडियाचा फोन आला की बाबा फार बोलत नाहीत, तुम्ही याल का. मी तो फूलस्केप कागद कपाटातून काढला, पाकिटात घातला आणि एडिनबऱ्याची गाडी पकडली.

दार लिडियानं उघडलं. "या काका. बाबा आत आहे. तुमचा वाट बघतोय सकाळपासून."

ते खिडकीशी बसले होते. अंगावर दोन स्वेटर. मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "कोर्लेकर, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पहिला रकाना बघा."

त्यांनी भिंग मागितलं. आणि मग एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शाळेत हजेरी घेतात तशी.

"आपटे, कोर्लेकर. बापट, कोर्लेकर. देशपांडे..." ते थांबले. "देशपांड्यांनी मला दिलं?"

"दिलं."

"कुलकर्णी... अहो, कुलकर्ण्यांनी! लिडिया, ऐक! कुलकर्णी!" त्यांना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला. लिडिया पाणी घेऊन आली. ती माझ्याकडे काहीशा रागानं बघत होती आणि मला वाटतं, तिला सगळं समजलं होतं. कोर्लेकरांना मात्र राग यायला वेळच नव्हता. ते नावं वाचत होते. "साठेबाईसुद्धा! म्हणजे प्रायमरी मी जिंकलो होतो."

"हो."

"एकोणतीस." त्यांनी आकडा पुन्हा पाहिला. मग भिंग वर सरकवत म्हणाले, "दामले, इथं तुमचं नाव आहे. पुढं कोरं आहे."

"मी मलाच कसा फोन करणार?"

"तेही खरं." ते माझ्याकडे बघत राहिले. "पण कोणाला होतं?"

"तुम्हालाच," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "मग लिहा की," ते म्हणाले. "असा अपुरा कागद बरा नाही." त्यांनी स्वेटरच्या आतून, शर्टाच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. मी माझ्या नावापुढे लिहिलं, कोर्लेकर. त्यांनी ते भिंगातून नीट वाचलं, एकोणतीसवर काट मारली आणि वाकड्या अक्षरात तीस लिहिलं.

"लिडिया," ते म्हणाले, "तीस!"

कागद त्यांच्याकडेच राहिला. ते गेल्यावर लिडियानं तो फ्रेम करून भिंतीवर लावला. मागच्या उन्हाळ्यात मी पाहिला. माणसं विचारतात तेव्हा ती सांगते, माझ्या वडिलांना इतकी मतं होती.

मंडळाच्या इतिवृत्तात ब्याण्णव सालासमोर "बिनविरोध" लिहिलं आहे. ते माझं अक्षर आहे. नव्या कमिटीला माझी विनंती आहे की तो शब्द खोडून तिथं "कोर्लेकर, एकोणतीस" असं लिहावं. डॉक्टर आता नाहीत, पण ते जे फोनवर म्हणाले ते धरायचं असेल तर तीस लिहावं. माझं त्यात धरू नये. त्या चार दिवसांत मी अडतीस घरांना विचारलं, मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, ते मला अजून सांगता येत नाही.